बरबडा, रानमूग आणि लेबलावरचा सातारा

थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' उघडा आणि कुठलंही पान काढा. झाडाचं वर्णन संपलं की ठिकाणांची ओळ येते आणि ठिकाणांपुढे माणसांची नावं. स्टॉक्स, लॉ, वुड्रो, कानिटकर, भिवा. यातल्या बऱ्याच नावांपुढे उद्गारचिन्ह असतं. माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हसू यायचं, की हे साहेब सारखे दचकतायत कशाला? त्या चिन्हाचा अर्थ साधा आहे. या माणसानं आणलेला वाळवलेला नमुना मी स्वतः पाहिला आहे, असं कुक सांगतात. चिन्ह नसेल तर माहिती दुसऱ्याच्या पुस्तकातली किंवा ऐकीव.

हे पुस्तक १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघालं. लिहिणारा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हे. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा इंजिनिअर आधी रेल्वेचे पूल बांधायचा, मग पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला आणि निवृत्तीनंतर लंडनजवळ क्यूच्या बागेत बसून त्यानं सगळ्या मुंबई इलाख्याची झाडं मांडून दिली. महाराष्ट्रात झाडं ओळखायला शिकलेला प्रत्येक जण आजही या पुस्तकापाशी येतोच.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माहेर वडूजकडचं, सासर जत तालुक्यातलं. म्हणजे एका दुष्काळातून निघून दुसऱ्या दुष्काळात आले. कुकची पानं मी नेहमी एकाच गोष्टीसाठी उलटायची. आमच्या माळावर जी शेंगांची रानझुडपं उगवतात, त्यांच्यापुढे आमच्या गावांची नावं येतात का? महाबळेश्वर पानोपानी भेटतं. पुणे भेटतं, खंडाळा भेटतं. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत ही नावं शोधताना डोळे शिणतात.

झाडं तर इथं आहेत. आजच आहेत असंही नाही. मग कागदावर का नाहीत, याचा माग मी बरीच वर्षं काढत आले. वाळक्या नमुन्यांच्या संग्रहाला शास्त्रात हर्बेरियम म्हणतात आणि तोच शब्द आता आपल्याकडे रुळला आहे. या हर्बेरियमच्या कपाटांत झाडांचा इतिहास जितका असतो तितकाच गोळा करणाऱ्यांच्या वाटांचा, मुक्कामांचा आणि सोयीचा असतो. आमच्या दुष्काळी पट्ट्यावर साहेबांची नजर पडली ती माणसं उपाशी मरायला लागली तेव्हा.

आधी झाडं सांगते. पाऊस पडून पंधरा दिवस झाले की मुरमाड बरडावर, पड जमिनीवर, बांधाच्या कडेला एक वेल जमिनीला धरून पसरतो. पान तीन पर्णिकांचं आणि प्रत्येक पर्णिका पुन्हा तीन खणांत कातरल्यासारखी. लांब दांडीच्या टोकाला चार-दोन पिवळी फुलं. शेंग बारीक, बोटाच्या दोन पेरांएवढी, वाळली की काळपट होऊन तडकते आणि पीळ घेत बिया लांब फेकते. हा रानमूग. कोणी रानमटकीही म्हणतात आणि नात्यानं ते खोटं नाही. मटकीची ही सख्खी चुलत बहीण. कुकच्या काळी शास्त्रीय नाव फॅसिओलस ट्रायलोबस होतं, १९६८ पासून व्हिग्ना ट्रायलोबाटा आहे.

दुसरा बरबडा, म्हणजे इंडिगोफेरा ग्लँड्युलोसा. निळीच्या कुळातला, पण याच्यातून नीळ कोणी काढत नाही. गुडघ्याएवढं झुडूप, तीन-तीन पर्णिका, पान उलटं करून भिंग लावलं की काळे ठिपके दिसतात. पानांच्या बगलेत लालसर फुलांचे दाट गुच्छ आणि नंतर इवल्याशा चौकोनी शेंगा, एकेका शेंगेत एक-दोनच बिया. ज्वारीच्या रानात हा तण म्हणून उगवतो आणि भांगलायला आलेल्या बायकांच्या शिव्या खातो. त्याचे आणखी भाऊबंद आहेत. पांढरफळीचं पान गवतासारखं अरुंद, चंदेरी लवेचं, आणि फळ मोहरीएवढा पांढरा गोळा. हृदयाच्या आकाराच्या पानाचा इंडिगोफेरा कॉर्डिफोलिया तर इतका जमिनीसरपट, की पायाखाली आलेला कळत नाही. भुईगुळी आहे, तिच्याकडे पुढं येते.

या झाडांना मी वाळवंटी म्हणते, ते का? सेंट झेवियर्सचे जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॅलबर्ग यांनी १९१७ मध्ये जोधपूर-जैसलमेरकडचं वाळवंट पालथं घातलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये 'फ्लोरा ऑफ द इंडियन डेझर्ट' क्रमशः छापलं. थरच्या वाळूत वाढणारी पांढरफळी आणि कॉर्डिफोलिया आमच्या माणदेशातही, म्हणजे माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातही वाढतात, रानमूगही दोन्हीकडे आहे. मधलं गुजरात-खानदेश ओलांडून ही झाडं दख्खनच्या पर्जन्यछायेत उतरलेली. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवडला आलात की पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. सह्याद्रीचं वरचं टोक आणि वाळवंटाचं धाकटं भावंड एकाच जिल्ह्यात बसवलेलं आहे, आणि नमुन्याच्या लेबलावर दोन्हीला शब्द एकच: सातारा.

या लेबलांनी मला फार छळलं आहे. १८४८ मध्ये छत्रपतींचं सातारा राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी जो सातारा जिल्हा केला, तो वाई-जावळीपासून पार तासगाव, वाळवा, खानापूरपर्यंत पसरलेला होता. म्हणजे जुन्या लेबलावर 'सातारा जिल्हा' एवढंच लिहिलं असेल, तर ते झाड आजच्या सांगली जिल्ह्यातलं असू शकतं. विट्याचं असू शकतं. त्यात आटपाडी औंध संस्थानात, जत डफळ्यांच्या संस्थानात, मिरज-सांगली पटवर्धनांकडे. सरकारी खात्याचे संग्राहक संस्थानी मुलखात कमी शिरले असावेत असं मला पानं उलटताना वाटत आलं आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी संस्थानं आणि जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली ठेवलं. त्यामुळे १९५५ मध्ये कोणी आटपाडीच्या माळावर बरबडा उपटला असेल, तर लेबलावर तिसरंच नाव येणार. आता हे सगळं संगणकावर चढतं तेव्हा यंत्राला बिचाऱ्याला जिल्ह्याचा इतिहास कुठून ठाऊक? 'सातारा' वाचलं की ते नकाशावर सातारा शहरात किंवा आजच्या जिल्ह्याच्या मधोमध एक ठिपका ठेवून मोकळं होतं. पावसाळी साताऱ्यात मग वाळवंटी झुडपं उगवतात.

त्याहून जुनी लेबलं तर आणखी उदार आहेत. जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन यांनी १८५० च्या दशकात हिंदुस्थानातले नमुने जगभरच्या संग्रहांना वाटले. त्यात मुंबई इलाख्यातल्या नमुन्यांच्या छापील चिठ्ठ्यांवर मजकूर असा, की स्थळ मलबार, कोकण वगैरे; संग्राहक स्टॉक्स, लॉ वगैरे. एलर्टन स्टॉक्स हा डॉक्टर, सिंधपासून कोकणापर्यंत फिरलेला. लॉ हा मुलकी अधिकारी. दोघांनी उन्हातान्हात पाय झिजवले आणि नशिबी 'वगैरे' आलं. या वगैरेत आमचा माळ असेल तर असेल.

साहेब लोक महाबळेश्वरला का जात, हे सांगायला नको. उन्हाळ्यात सरकारच तिथं मुक्कामाला असे. न्यायाधीश बर्डवुड यांनी माथेरान आणि महाबळेश्वरच्या झाडांची सूची केली ती १८८० च्या दशकात, सुट्टीत टिपणं काढत. पुढं सरकारी वनस्पती सर्वेक्षणानंही महाबळेश्वर आणि परिसराचं स्वतंत्र दोन खंडी पुस्तक १९९० च्या दशकात काढलं. काम उत्तम आहे, माझ्या टेबलावर कायम असायचं. पण माणदेशाला असं पुस्तक मिळालेलं मी पाहिलं नाही. सातारचे रेसिडेंट राहिलेले बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलनं कड्यावरच्या एका मांसल वनस्पतीला त्यांचं नाव दिलं, फ्रेरिया इंडिका. तिच्या फुलापायी आजही फोटोग्राफर सज्जनगडाकडच्या कड्यांवर लोंबकळतात. बरबड्याला कुणा गव्हर्नराचं नाव लागायचं कारण नव्हतं आणि त्याच्यासाठी लोंबकळावंही लागत नाही, वाकलं तरी पुरे.

दुष्काळ मात्र वाकायला लावतो. १८७६ च्या पावसानं दगा दिला आणि जुन्या सातारा जिल्ह्यात माण, खटाव, खानापूर, तासगाव या पूर्वेकडच्या तालुक्यांची दैना झाली. म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं ते याच वेळी. धान्य संपलं तेव्हा माणसं रानात काय खात होती, हे सरकारला पहिल्यांदा नीट जाणून घ्यावंसं वाटलं. १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पंचविसावा खंड निघाला, तो वनस्पतींचा. त्यात उपयुक्त वनस्पतींचा भाग गोव्याचे डॉक्टर होझे कामिलो लिस्बोआ यांनी लिहिला आणि दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची वेगळी यादी दिली. कंद, पाला, साली, गवतांच्या बिया आणि त्यांतच बरबड्याच्या कुळातल्या रानझुडपांच्या बिया. त्या दळून भाकरी करायच्या. रानमुगाबद्दल तर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या काळापासून इंग्रज लिहीत आले आहेत, की गरीब लोक बिया खातात. लिहिणाऱ्याच्या लेखी ही एक ओळ. खाणारीला त्या ओळीसाठी दिवसभर वाकावं लागलं असणार, कारण शेंग वाळली की हात लावताच तडकते. पहाटेच्या दवात शेंगा मऊ असतात तेव्हाच तोडाव्या लागतात.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पुन्हा लागोपाठ आले. तेव्हा पुण्यात जॉर्ज गॅमी हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते आणि पश्चिम विभागाच्या वनस्पती सर्वेक्षणाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. १९०२ मध्ये त्यांनी वनस्पती सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये मुंबई इलाख्यात दुष्काळात आणि टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर टिपण छापलं. लिस्बोआ आणि गॅमी ही दोन लिखाणं शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. दोघांनाही झाड ओळखायचं होतं, कारण यातलं काय खाऊ घालता येईल हा सरकारपुढचा प्रश्न होता. ओळखायला नमुना लागतो. म्हणून रानातला पाला आणि बिया गोळा झाल्या, शास्त्रीय नावं लागली. फुलं सुंदर म्हणून कुणी आमच्या माळावर आलं नाही. भूक लागली म्हणून आमचा माळ कागदावर आला.

खरं तर लिस्बोआंच्या घरात आणखी एक वनस्पती अभ्यासक होती. त्यांच्या पत्नीनं १८८९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्रीच्या जर्नलमध्ये सुगंधी गवतांवर लेख लिहिला आणि एका गवताला नवं नाव दिलं. लेखावर नाव छापलं 'मिसेस जे. सी. लिस्बोआ'. डॉक्टरीणबाईंचं निदान आडनाव तरी छापलं गेलं. भिवाचं तेही नाही. कुकच्या पानांवर 'भिवा!' असं किती वेळा येतं. कानिटकरांना आडनाव आहे. रानडे तर पुण्याच्या हर्बेरियमचे संग्रहपाल. सोनघंटेला, म्हणजे अब्युटिलॉन रानाडेईला, त्यांचंच नाव आहे. भिडे यांच्यावरून गवताची एक आख्खी प्रजाती भिडिया झाली. भिवा मात्र नुसता भिवा. कुठला, कोणाचा, काही नाही. तरी त्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह आहे, म्हणजे त्यानं बांधलेली पेंढी समुद्र ओलांडून गेली आणि कुकच्या टेबलावर उघडली गेली. माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत भरवशाचा माणूस तोच.

आता शेंगावर्गीय झुडपांचा नमुना करणं हे जरा आडमुठं काम आहे, ते सांगते, म्हणजे कपाटात ती कमी का, याचं आणखी एक कारण कळेल. शीट साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरची. झाड मुळासकट उपटायचं, माती झटकायची, वर्तमानपत्रात पसरून दोन फळ्यांमध्ये आवळायचं आणि कागद रोज बदलायचा. रानमूग वेलासारखा, त्याला नागमोडी दुमडावं लागतं. एखादं पान उलटं ठेवायचंच, नाही तर खालची लव दिसत नाही. आणि शेंगा! प्रेसमध्ये कागद तापला की रात्री कपाटातून टकटक आवाज यायला लागतो. शेंगा तडकून बिया वर्तमानपत्राच्या घड्यांतून पळतात. सकाळी शीटवर नुसती पिळलेली टरफलं. म्हणून बिया आधीच काढून कागदाच्या पुडीत भरायच्या आणि पुडी शीटच्या कोपऱ्यात चिकटवायची. त्या पुडीत महिन्याभरानं पाहिलं तर बियांना भोकं पडलेली आणि भुंगे फिरताना दिसतात. ते बियांतूनच आलेले असतात. जुने लोक नमुना मर्क्युरिक क्लोराईडच्या द्रावात बुडवायचे. विष जालीम, कागद काळवंडतो, पण शंभर वर्षं कीड लागत नाही. जुन्या शीटा हाताळल्यावर हात धुवा, हे मी प्रत्येक बॅचला ओरडून सांगायची.

बी नसली की ओळख अडते. रानमुगासारखाच दिसणारा व्हिग्ना स्टिप्युलेसिया हा दुसरा वेल आहे. तमिळनाडूत त्याचे दाणे खातात आणि जपानी संशोधकांनी अलीकडे त्याला शेतातलं पीक बनवायचं मनावर घेतलं आहे. कारण तो कीड फारशी लावून घेत नाही. दोघांत फरक दाखवणाऱ्या खुणांमध्ये देठाच्या मुळाशी असलेली उपपर्णं महत्त्वाची, आणि जुन्या शीटांवर नेमकी तीच गोंदाखाली दडपलेली. दोन्ही एकाच नावाच्या पाकिटात पडून राहिलेली सापडतात. बरबड्याच्या बाबतीत चूक महागात पडू शकते. भुईगुळी, इंडिगोफेरा लिनाई, ही त्याच कुळातली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या बर्ड्सव्हिलकडे ही चरून घोडे लडबडायला लागतात आणि मरतात. त्या रोगाला गावाचंच नाव पडलं आहे. 'इंडिगोफेराच्या बिया खातात' एवढ्यावर विसंबून कोणी प्रयोग करू नये. यादी करणाऱ्यांनी नमुने जपले म्हणून आज आपण कुठली इंडिगोफेरा हे विचारू तरी शकतो.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ही सगळी झाडं लेबलाशिवाय ठाऊक होती. बांधावर बसून मी प्रेस आवळत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "आगं, ह्यो बरबडा. माझी आजी सांगायची, त्यांच्या येळंला पिठात कालवायचा. नुसता खाल्ला तर कडू लागतोय." १९७२ च्या दुष्काळात त्यांनी स्वतः खडी फोडली होती, सुकडी आणि मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या. सरकारी धान्य पोचलं म्हणून बरबड्यावर वेळ आली नाही, असं त्या स्वच्छ सांगायच्या. माडग्याळकडच्या एका मेंढपाळानं तर मला शाळाच घातली. माडग्याळी मेंढरं कळपानं निघाली की गवत सोडून आधी रानमुगाकडे वळतात. "म्याडम, तुमी पुस्तकात हुडकता, आमची मेंढरं वासावं हुडकत्यात," तो म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून ज्या ओघळीत मी गेले, तिथं पांढरफळी गुडघ्याइतकी माजलेली होती. त्याच्याकडून कळलेलं ठिकाण मी लेबलावर लिहिलं. त्याचं नाव लिहायला जागा ठेवली नव्हती, कारण छापील लेबलात संग्राहक, ओळखणारा आणि तारीख एवढेच रकाने असतात. दाखवणाऱ्याचा रकाना नाही. भिवाच्या काळापासून तो नाहीच.

आमच्याकडच्या कॉलेजांतले संग्रह कसे भरतात हेही सांगायला हवं. बी.एस्सी.च्या मुलांना नमुने द्यावे लागतात. सहल निघते महाबळेश्वरला, पाचगणीला किंवा कासला. जतची, कवठेमहांकाळची पोरं दुष्काळी माळावरून सकाळी निघून कारवी आणि स्मिथियाची फुलं आणतात. शेंगावर्गातली स्मिथिया कासच्या पठारावर पिवळीधमक असते, फोटोतही छान येते. घराच्या दारात उगवलेला बरबडा कोणी आणत नाही. विचारलं तर पोरं म्हणायची, "मॅडम, ते तर तण आहे." म्हणजे शंभर वर्षांपूर्वी साहेबांनी जे केलं तेच आपलीच पोरं करतात, फक्त आता एस.टी.नं. एका संस्थेतला जुना संग्रह मी स्वतः बाहेर काढलेला पाहिला. तपासणी समिती येणार म्हणून खोलीला रंग द्यायचा होता. शीटा व्हरांड्यात आल्या, तिथं दोन पावसाळे राहिल्या, वाळवीनं उरलेलं काम केलं. त्यात माणगंगेच्या काठचे नमुने होते. तारखा होत्या, गावं होती. ती माहिती आता कुठेच नाही.

आणि नमुने गोळा करायची घाई करायला कारण आहे. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीला पोचलं, म्हैसाळ योजनेचं पाणी जतकडे आलं. ज्या माळावर हुलग्याशिवाय काही घेत नव्हते तिथं डाळिंब आहे, द्राक्षं आहेत, ऊससुद्धा दिसतो. मला याचं वाईट वाटत नाही. पाणी पाहिलेल्या बाईनं दुष्काळाची माया गाऊ नये. पण माळ नांगरला, बांध कोरले, तणनाशक आलं की रानमुगासारखी झाडं आधी जातात. त्यांची बी कठीण कवचाची, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहते, हे खरं. तणनाशकाच्या पुढं किती टिकेल ते बघायचं. मटकी, मूग, उडीद या आपल्या पिकांचे हे रानातले सोयरे आहेत. पाऊस हुकला तरी तग धरायची आणि कीड झेलायची युक्ती त्यांच्यात आहे, म्हणूनच जगभरातल्या बियाणं बँका असल्या रानवाणांच्या मागे लागल्या आहेत. त्यांनी विचारलं तर आपल्याकडे उत्तर हवं: कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, कसल्या जमिनीवर. 'सातारा वगैरे' आता चालणार नाही.

पुण्याला १९५५ पासून वनस्पती सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग आहे, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियम आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संग्रह आहे. दारं बंद नाहीत. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत इथल्या कॉलेजांतल्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. सहल कासला न्या, पण पहिल्या पाच शीटा मुलांच्या शिवारातल्या घ्या. लेबलावर जिल्हा, तालुका, गाव, शिवार सगळं लिहा. कोणी दाखवलं त्या माणसाला विचारून त्याचंही नाव लिहा, आणि गावात म्हणतात ते झाडाचं नावही. नमुना दोन प्रतींत करा, एक तुमच्या कपाटात आणि एक मोठ्या संग्रहात. आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यानच जा. नंतर गेलात तर शेंगा तडकून गेलेल्या असतात.